गुरुवारचा पास्ता

३ मार्च

आज पुन्हा भरलेलं ताट परत आलं. बाबांनी दोन घास चिवडले आणि "भूक नाही" म्हणून उठले. डॉक्टर सकाळी स्पष्टच बोलले – हृदयाचं ऑपरेशन उत्तम झालंय, पण वजन असंच उतरत राहिलं तर परत दाखल करावं लागेल. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर कॅन्टीनमध्ये लोकांना पोटभर जेवू घातलं, आणि आता स्वतःच्याच पोटाशी वैर! नवरा म्हणतो, "तू काहीतरी कर." काय, ते सांगत नाही.

५ मार्च

कॅन्टीनमध्ये त्यांचा गुरुवारचा पास्ता प्रसिद्ध होता. लोणी, साय, चीज – सगळं सढळ हाताने. आता तिन्ही बंद. म्हणून तोच पथ्याचा करायला घेतला: गव्हाचा पास्ता, चरबी काढलेलं चिकन, लसूण, टोमॅटो, चमचाभर ऑलिव्ह तेल, मीठ बेताचं.

चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आले ती थेट ओट्यापाशी. घाईत पाणी उकळायच्या आधीच पास्ता टाकला. झाला एकच गोळा. बाबा खुर्चीतून उठून आले. "अगं, हे जेवण आहे की पोस्टर चिकटवायची खळ?" चमचा घेतला, चाखलं, तोंड वाकडं केलं. टोमॅटो वाढवला, चाखलं. लिंबू पिळलं, पुन्हा चाखलं. ताट वाढलं तर म्हणे, "माझं झालं."

असा राग आला! मग पातेल्यात बघितलं. बरंच खाली गेलं होतं.

६ मार्च

दुकानात दिवसभर तोच विचार. इतक्या वर्षांत बाबांना बसून जेवताना मी पाहिलंय का? नाही. कॅन्टीनमध्ये काय, घरी काय – आम्ही टेबलाशी आणि ते शेगडीपाशी, उभे, हातात चमचा. चाखता चाखताच त्यांचं जेवण व्हायचं. अशा माणसाला आम्ही ताटासमोर बसवतोय आणि वर म्हणतोय, जेवत नाहीत.

८ मार्च

खात्री करायला आज सगळं अगदी नीट केलं. बाबांनी लांबूनच वास घेतला. "जमलंय," म्हणाले आणि टीव्हीपुढे जाऊन बसले. एक घास नाही. ठरलं तर.

९ मार्च

चिकन मुद्दाम चिवट केलं. बाबांनी पातळ काप केले, टोमॅटोच्या रसात मुरवले. मुरलं का ते बघायला प्रत्येक काप खाऊन बघितला.

११ मार्च

लसूण करपवला. म्हणजे वेगळा करपवून वरून टाकला – अख्खं तेल कडू कोण करणार? मी बोलणी खाल्ली, बाबांनी चिकन.

१४ मार्च

टोमॅटो कच्चेच ठेवले. "लोकांना चष्मे देतेस, एखादा स्वतःला पण घे," इति बाबा. नंतर नवऱ्याने बाजूला घेतलं. "एक साधा पास्ता जमत नाही तुला?" त्याला सांगितलं नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण लागलं मनाला. मला चांगला स्वयंपाक येतो.

१८ मार्च

वजन वाढलंय! दाखल करायची गरज नाही. डॉक्टर खूश – "नवी गोळी लागू पडली." मी मान डोलावली. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

२० मार्च

गुरुवार. लिंबू पिळलं नाही, टेबलावर नेहमीसारखी आमची दोन ताटं मांडली आणि हाक मारली, "बाबा, काहीतरी चुकलंय हो."

त्यांनी चाखलं. लिंबू पिळलं. म्हणाले, "सूनबाई, बिघडवण्यात तू अगदीच कच्ची. त्या दिवशी लसूण करपला आणि तेल गोड – असं कुठं असतं का?"

मी गॅस बारीक केला.

"आणि आज आणखी एक चुकलंय."

"काय?"

"ताट एक कमी मांडलंस."

आपलं आपणच आणलं. खुर्ची ओढली आणि बसले.