शेवटची दीड मीटर वायर

अप्पा, घडलं ते असं.

१. देशपांडे नगरातल्या दुकानातून तुम्ही ॲम्प्लिफायरसाठी अंगठ्याएवढी जाड पॉवरची वायर आणलीत.
२. कॅसेटमधला तानपुरा आता मोकळा वाजतो, असं जाहीर केलंत.
३. मी चाचणी मागितली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात.
४. मी दर वेळी तीच वायर काढली आणि तीच लावली. तुम्ही दर वेळी ठामपणे सांगितलंत, ही जुनी, ही नवी.

यात वाद घालण्यासारखं काय होतं, मला आजही कळत नाही. खांबावरून केशवापूरच्या आपल्या घरात वीज यायची ती ॲल्युमिनियमच्या जुनाट तारेतून, पुढे भिंतीत साधी वायर, आणि फक्त शेवटची दीड मीटर तुमची. तिनं सूर कसा सुधारेल, एवढंच मी विचारलं होतं. तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. तुम्ही म्हणालात, "नळाला गढूळ पाणी येतं म्हणून घागरीवर फडकं बांधत नाहीस काय, अक्का?" आई स्वयंपाकघरातून हसली. वायर काही गाळत नाही, नुसती वाहून नेते, हे मी सांगेपर्यंत तुम्ही जिंकला होतात.

निकाल सांगितल्यावर तरी 'बरं' म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही चष्मा पुसलात. "मला दर वेळी वेगळं ऐकू आलं. तू ऐकतच नव्हतीस, वायर बघत होतीस." हे उत्तर नव्हे, अप्पा. आणि पुढच्या रविवारी कॅसेट लावून तुम्ही मला हाक मारली नाहीत. त्याआधीचे रविवार मला दिसतात: तुम्ही मला शेजारी बसवून घेता, गाणं संपलं की विचारता, "काय ऐकलंस?" मी सांगते, तुम्ही मान हलवता, किंवा नाही हलवत. तो प्रश्न तुम्ही मला पुन्हा कधीच विचारला नाहीत. एका वायरीवरून. माझा राग आहे तो यावर.

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. धारवाडात माझं घर बांधून होत आलंय आणि आईनं तुमचा सेट मला दिलाय, वायरीसकट. तिचा प्लग जाड पिनांचा, फ्रिजच्या मोठ्या सॉकेटलाच बसणारा. साध्या सॉकेटला साधी वायर लावली तरी सूर तोच येईल, मोजून दाखवीन. वायरमन रविवारी सकाळी येणार, भिंत एकदाच फोडीन म्हणतो. सेटच्या जागी मी मोठ्या सॉकेटची खूण करून ठेवली आहे. नको असेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा.