पदर कुणी झाडायला लावले

तीर्थरूप मामा,

सासऱ्याला पत्र लिहायचं तर सुरुवात अशीच करायची असते, म्हणून केली. फार मनावर घेऊ नका.

परवा तुमचं वर्षश्राद्ध आहे. पुण्याहून धाकट्या भाऊजींचा फोन आला, "वहिनी, तुम्ही बारावी झालाय, फ्लेक्ससाठी आप्पांवर चार ओळी लिहून पाठवा." 'मजुरांचा आधारवड' असं वर मोठ्या अक्षरांत घ्यायचं त्यांनी आधीच ठरवलंय. ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणून भाऊजींना काही न पाठवता हे तुम्हालाच लिहायला बसले.

हिरामावशीची टोळी आठवते ना? भीमेपलीकडून, शिरूरच्या बाजूनं, पिकअपमध्ये उभ्यानं यायच्या चौदा बायका. आपल्या राहू गावच्या शिवारात कांदा काढावा तर त्यांनीच. गप्पा चालूच असायच्या आणि हातही चालूच असायचे, पण एका कांद्याला विळ्याचा ओरखडा नसायचा. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून आपला कांदा त्याच काढत होत्या. माझ्या बाळंतपणात माझ्या आईच्या आधी अळीव घेऊन आली ती हिरामावशी.

घरी जाताना प्रत्येक बाई मूठ-दोन मुठी गोल्टी पदरात बांधून न्यायची. गोल्टी म्हणजे बाजारात ज्याला कुणी विचारत नाही तो बारका कांदा, आपण म्हशीपुढं टाकतो तो. कुणी मागत नव्हतं, कुणी मोजून देत नव्हतं. सगळ्या शिवारात चालतं तसं आपल्याकडंही चालायचं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी कांद्याला भाव चढला आणि तुम्हाला त्या गोल्टीतही चोरी दिसायला लागली. संध्याकाळी बायका निघून बांधापर्यंत पोचल्या, तर तुम्ही मला त्यांच्यापासून लांब, मोटरीकडं बोलावलंत. "सूनबाई, एकेकीचा पदर झाडून घे. मी बाप्या मानूस, बायांच्या पदराला कसा हात लावू?"

तुमची मर्यादा तुम्हाला बरी आठवली! माझी नाही आठवली? मी नाही म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात दरडावलंत, "रान तुझ्या बापाचं न्हाई." हे तिथंच मोटरीजवळ पाइप जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी भ्यायले. चौदा जणींना बांधावर उभं करून पदर झाडायला लावले. हे माझं चुकलं, ते मी तुमच्या माथी मारत नाही. हिरामावशीच्या पदरातून पाच गोल्टी आणि भाकरीचं फडकं पडलं. तिनं फडकं उचललं, त्याची घडी केली, कांदे तिथंच राहू दिले. ती माझ्याकडं बघत होती. तुमच्याकडं कशी बघणार? तुम्ही तोवर विहिरीच्या वाटेला लागला होतात.

त्यानंतर ती टोळी आपल्या रानात आली नाही. दुसरी कुठली मिळणार? तरण्या पोरी कंपनीच्या बसनं जातात, उरलेल्या बायका जिथं मान मिळेल तिथं जातात. गेल्या साली तुम्ही कुणाच्या तरी ओळखीनं बाहेरच्या राज्यातली टोळी आणलीत. त्यांना राहायला काय दिलंत, तर गोठ्याशेजारचं पत्र्याचं छप्पर. चौथ्या दिवशी त्यांचा म्होरक्या दारात आला. "भाभी, हम लोग पोल्ट्री में जा रहे हैं. उधर रूम है, पंखा है." निघून गेले. अर्धा कांदा अवकाळीनं रानातच सडला आणि तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या म्हणालात, "आजकाल मजुरास्नी कामच नको." त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात.

यंदा कांद्याच्या माना पडल्या, कांदा काढणीला आला, तशी मी फोन लावायला सुरुवात केली. ढग रोज भरून येत होते. मजुरी वाढवून देते म्हटलं, जेवण देते म्हटलं. एक मुकादमीण म्हणाली, "कुठलं रान? त्या पदर झाडनारनीचं व्हय?" आणि फोन ठेवला. तुमचं नाव नाही, मामा. माझं नाव पडलं होतं ते.

शेवटी स्कूटी काढली आणि एकटीच हिरामावशीच्या दारात गेले. ती शेंगा फोडत होती. बस म्हणाली नाही.

"मावशी, चुकलं माझं. पण मला मामांनी करायला लावलं होतं."

"आता मेलेल्या मानसावर ढकलतीस व्हय?" ती म्हणाली. "म्हातारा सोता आलता हितं, आठ दिसांनी. डोळ्यात पानी आनून म्हनला, हिराबाई, सून लय कडक हाय माझी. घरात माझं काय चालत न्हाई."

तुम्ही नदी ओलांडून तिच्या दारात गेलात, ते माफी मागायला नाही, माझं नाव सांगायला? पुढं वर्षभर तुम्ही माझ्या हातचं जेवलात. शेवटच्या दुखण्यात मऊ भात मी भरवला तुम्हाला. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?

ह्यांना घरी येऊन सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या माझ्याबरोबर चला आणि त्या दिवशी काय ऐकलंत ते तिथं बोला. हे म्हणाले, "गेलेल्या बापाबद्दल चार बायांत काय बोलू?" मी म्हटलं, "बाप जिवंत होता तेव्हा तरी कुठं बोललात? नसेल जमत तर कांदा तुमचा तुम्ही काढा." दोन दिवस हे एकटेच विळा घेऊन रानात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनीच गाडी काढली.

टोळी पिकअपची वाट बघत पारावर बसली होती. तुमचा थोरला मुलगा चौदा बायकांपुढं उभा राहिला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "आप्पांनीच सांगितलं हुतं. हिनं न्हाई म्हनलं तवा हिचा बाप काढला. मी मोटरीपाशी हुतो, समदं ऐकत हुतो. बोललो न्हाई."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "थेरडं लबाड निघालं की गं." बायका हसल्या. मामा, खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

हिरामावशी हसली नाही. तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं. "उद्यापास्नं येतो. चहा मातुर येळंवर लागंल."

आज तिसरा दिवस आहे. निम्मं रान मोकळं झालंय. गोल्टीचा ढीग मी बांधावरच ठेवलाय, जिला जेवढी हवी तेवढी ती नेते.

माणूस गेला की त्याचं सगळं पोटात घालावं म्हणतात. मी घालणार नाही. हे रान मी कसते आहे तोवर, दर हंगामाला, नवी बाई कामावर आली की तिनं विळा धरण्याआधी तिला सांगणार, की या बांधावर बायकांचे पदर कुणी झाडायला लावले आणि कुणावर ढकलले. तुमचं नाव घेऊन सांगणार, तुमच्या वडिलांच्या नावासकट. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये असं तुमच्या घरात मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एकोणीस वर्षं मी ते पाळलं.

टोळीत दोघी नव्या आहेत. आज सकाळी त्यांच्यापुढं तुमचं नाव पहिल्यांदा घेतलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

तुमची सून,
सुरेखा