बागियोच्या बागांत पंधरा पावलांवरून

प्रिय कुया आर्नुल्फो,

तुझ्या धाकट्या भावाने, सेल्सोने, नमस्कार म्हणून तुझा उजवा हात स्वतःच्या कपाळाला लावला आहे असं समज. (एरवी मी असलं काही करत नाही हे मलाही माहीत आहे. पत्र पूर्ण वाच.) जहाजावर जेवण बरं मिळतं का? कंबरदुखी काय म्हणते? तुझी लोर्ना मजेत आहे. गेल्याच आठवड्यात आईसाठी नारळाचा केक घेऊन आली होती. अशी समंजस मुलगी आपल्या घरात येणार, याचा मला अलीकडे फारच आनंद होतो.

आम्ही तिघं, म्हणजे मी, मारिविक आणि पाठराखणीला आपली मावशी, तिया पासिंग, बागियोला येऊन तीन दिवस झाले. मारिविकच्या आजीला आता डोंगर उतरून खाली येणं झेपत नाही, म्हणून लग्नाआधी नातजावई तिच्या नजरेखालून घालायचा होता. आजीने मला न्याहाळलं, दोनदा भात वाढला, आणि मी पास झालो. परतीच्या बसला अजून पुरा दीड दिवस होता. शहाणा माणूस पांघरूण ओढून झोपला असता. मी म्हणालो, चला, बागा बघू.

इथे तियाने तोंड उघडलं. लग्न न झालेली जोडी बागियोला आली की वर्षाच्या आत फुटते, हे तुला सांगायला नको. आपल्याच गल्लीतली चार जोडपी एका बसने वर गेली आणि वेगवेगळ्या बसने खाली आली. मी हे विसरलो होतो. (खोटं कशाला बोलू? मारिविक विसरली असेल अशी आशा होती.) तियाचा उपाय असा, की आम्ही जोडी आहोत हे इथल्या हवेला कळूच द्यायचं नाही. दोघांत पंधरा पावलांचं अंतर, मध्ये तिया. एकत्र फोटो नाही, एका पुडीतून शेंगदाणे नाहीत, एकमेकांकडे पाहून हसणं तर मुळीच नाही. मारिविक म्हणाली, "काय वेडेपणा आहे!" पण असं म्हणत ती स्वतःच चार पावलं मागे सरली.

बर्नहॅम पार्कच्या तळ्यात सगळं जग जोडीजोडीने वल्ही मारत होतं. आम्ही दोन होड्या घेतल्या. एकीत मी आणि तिया, दुसरीत मारिविक एकटी. तिला वल्हवता येत नाही. ती एकाच जागी गोल गोल फिरत होती आणि दर फेरीला तोंड माझ्याकडे वळलं की "सेल्सो!" म्हणून ओरडत होती. तिया मला म्हणाली, "बदकांकडे बघ. ओळख दाखवलीस तर याद राख." मी बदकांकडे बघितलं. कुया, इतक्या निष्ठेने मी प्रार्थनेतसुद्धा कधी कुठे बघितलेलं नाही. मागे धाडकन आवाज झाला. शाळेच्या सहलीची होडी तिच्या होडीवर आदळली होती आणि ती गुडघ्यापर्यंत भिजली होती. काठावर आल्यावर पंधरा पावलांची आठवण तिला कुणी करून द्यावी लागली नाही. तिने पंचवीस ठेवली.

तिचा राग निवावा म्हणून तियाने आम्हाला राइट पार्कला नेलं, घोड्यांकडे. मारिविक गुलाबी आयाळीच्या घोड्यावर बसली. लगाम धरायला वेंडेल नावाचा, मोठी हॅट घातलेला उंचापुरा गडी होता. तो चालता चालता तिला काहीबाही सांगत होता, आणि मारिविक हसली. मी पाइनच्या झाडाआडून चिक्की चघळत हे पाहत होतो. शेवटी मी पंधरा पावलांवरूनच ओरडलो, "दिवसभरात पहिल्यांदा हसलीस, तेही परक्या माणसाशी!"

"निदान घोडा तरी माझ्याकडे बघत होता," ती म्हणाली.

ती खाली उतरली, बोटातली अंगठी ओढून काढली आणि तियाच्या हातावर ठेवली. "घ्या. इथल्या हवेला कशाला दोष? तुमच्या भाच्याने एका दिवसात करून दाखवलं."

तिचं रिकामं बोट पाहून मला खरंच भीती वाटली रे. सहा वर्षं ही मुलगी मला सांभाळून घेते आहे, आणि ती हाका मारत असताना मी बदकं मोजत होतो. मी सगळ्या बागेसमोर रडलो. मधलं अंतर ओलांडून तिचा हात धरला आणि चुकलो म्हणालो. तिया जपमाळ शोधू लागली. मारिविकने हात काढून घेतला नाही. नाक पुसून तिने विचारलं, "तिया, फुटतात ती लग्न न झालेलीच ना? झालेल्यांचं काय?"

तियाने विचार केला. "झालेल्यांचं कधी कुणी काही बोललं नाही."

"मग लग्नाचा परवाना काढा."

तो तियाच्या पर्समध्येच असतो. घरी ठेवला तर उंदीर खातील असं तिचं म्हणणं. कोर्ट बंद व्हायला अर्धा तास होता. न्यायाधीशबाईंनी दोन साक्षीदार मागितले. एक तिया, दुसरा वेंडेल. तो घोडा भावावर सोपवून, हॅट काढून, आमच्यापेक्षा गंभीर चेहऱ्याने उभा राहिला. कुया, मी आता नवरा आहे. अंगठी जागेवर आहे. आज सकाळी त्याच बागेत आम्ही एका पुडीतून शेंगदाणे खाल्ले.

लोभ आहेच, तो हे वाचूनही असू दे.

तुझा सेल्सो

ता. क. – काल कोर्टातून निघून शेवया खायला बसलो तेव्हा तियाच्या हातून काटा पडला. तिला दुसरा अपशकुन आठवला होता. एकाच वर्षात दोन सख्ख्या भावंडांची लग्नं लागली की एकाचं नशीब दुसऱ्याला गिळतं. तुझं लग्न सत्तावीस डिसेंबरला, म्हणून तर आमचं तीन जानेवारीला ठेवलं होतं. कोर्टात हे तिघांपैकी एकालाही आठवलं नाही. तेव्हा एवढंच मागणं आहे, की आमची तीन तारीख तू घे. चर्च ठरलेलं आहे, डुकरं सांगितलेली आहेत, बँडही येतोय. तुझं जहाज पाच तारखेला सुटतं, म्हणजे संसाराला पुरे दोन दिवस मिळतात.

ता. क. दुसरा – आत्ताच आईचा फोन आला. लोर्नाने सत्तावीस तारखेच्या पत्रिका वाटल्या. चारशे. आईला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. तू लोर्नाला सांगशील तेव्हा तिलाही कळेलच. फक्त माझं नाव घेऊ नकोस, तियाचं घे. (तिया म्हणते, मारिविकच्या आजीचं घ्या. आजी म्हणते, वेंडेलचं.)