गव्हर्नर हॅवरलँड यांचा कोपरा

६ जानेवारी, सोमवार

आजपासून आमच्या वॉर्डात गव्हर्नर हॅवरलँड यांचा माणूस मी. डे मॉइनमधल्या त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचार ऑफिसातून एका बाईंचा फोन आला. आमच्या एल्डन क्रीक गावात कुणी जबाबदारी घेईल का, विचारत होत्या. म्हटलं, मी आहे. त्या म्हणाल्या, बाकी कुणीच हो म्हणालं नाही. निवड किती काटेकोर झाली असेल ते यावरून कळतं.

गव्हर्नर ऑक्टोबरमध्ये आमच्या कॅफेत ॲपल पाय खायला आले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "लोवेल, तुमच्यासारख्या माणसांवर हा देश उभा आहे." नाव माझ्या शर्टावर चिकटवलेलं होतं, मान्य. पण बाकीचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं.

आयोवात सगळ्यांच्या आधी कौल लागतो. देश आमच्याकडे बघून राष्ट्राध्यक्ष निवडतो. संकल्प: कॉकसच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभेच्या दिवशी अर्धा वॉर्ड आपल्या कोपऱ्यात.

बायको, आर्लिस, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या कामावरून आली आणि कोट न काढताच बसली. म्हणाली, जूनमध्ये नोकरी सोडावी म्हणते. म्हटलं, कॉकस झाल्यावर बोलू.

८ जानेवारी, बुधवार

गव्हर्नरांची आरोग्य योजना टपालाने आली. जाडजूड आहे. पहिलं पान वाचलं. मुद्दा स्वच्छ आहे: ज्याला जो विमा हवा तो त्याने निवडावा. पुढच्या पानांत हेच सविस्तर असणार.

विरोधात सिनेटर ड्युकेनबाई. त्यांचं म्हणणं, सरकारने सगळ्या देशाला एकच विमा द्यावा. या मताची माणसं आमच्या वॉर्डात फार नाहीत. मुख्य म्हणजे गॉर्डी.

१२ जानेवारी, रविवार

चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी गॉर्डी ट्वेटशी जाहीर वाद. गॉर्डी आमचा शेजारी. जन्मभर गुरांचा डॉक्टर होता. म्हणाला, "लोवेल, मी एवढ्या गायी तपासल्या. एकीलाही आधी विम्याचं कार्ड दाखव म्हटलं नाही."

मी म्हटलं, "गायीला मत नसतं."

सगळे आपापल्या कॉफीकडे वळले. वाद जिंकला. जाताना तिघा-चौघांनी सांगितलं, "लोवेल, तुझं आपलं वेगळंच असतं बाबा." चौघं आपल्याकडे धरले.

१५ जानेवारी, बुधवार

घरोघर प्रचार. हॅरिएट ब्रेकेबाई "बघू या" म्हणाल्या आणि लिंबाची वडी दिली. नक्की मत. लुंडग्रेन दार उघडेनात, आत टीव्ही चालू होता. आपलेच असतील. पटलेल्या माणसाला पुन्हा काय पटवायचं, असा विचार केला असेल.

१८ जानेवारी, शनिवार

रात्रभर बर्फ. फावड्याने फाटकापर्यंत वाट मोकळी केली. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, डावा हात जड. प्रचाराची दगदग. थोडा वेळ गॉर्डीच्या पायरीवर टेकलो, कारण ती जवळ होती.

गॉर्डी बाहेर आला. मी त्याला योजनेतला निवडीचा मुद्दा समजावत होतो, तेवढ्यात त्याने माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. विचारलं, हा गुरांचा आहे का. म्हणाला, "माझा आहे. गप्प बस." मग म्हणाला, "लोवेल, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जायचं."

प्रचाराच्या ऐन भरात विरोधकाने दिलेला सल्ला! साफ नाकारला. त्याने आर्लिसला फोन केला. याला मी खेळीमेळीचं राजकारण म्हणत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

हॉस्पिटल. हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी बसवली आहे. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. डॉक्टर लोकांना थोडं रंगवून सांगायची सवय असते.

दाखल होताना काउंटरवर विम्याचं विचारलं. आर्लिसने पर्समधून कार्ड काढून दिलं, त्यांनी ते बघितलं, झालं काम. सध्याची व्यवस्था इतकी सुटसुटीत असताना ती बदलायची कशाला? हा मुद्दा गॉर्डीसाठी राखून ठेवला.

गोळ्या कायमच्या. वजन उचलायचं नाही. प्रचार करू नका असं कुणी म्हणालं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

घरी. गॉर्डी सूप घेऊन आला होता. राजकारणाचा विषय त्याने काढला नाही. दमला असावा.

आर्लिसने शाळेत कळवलं की जूनमध्ये सोडत नाही. मी नेहमी म्हणतोच, तिला त्या कामाची ओढ आहे. तिलाही तसं सांगितलं, शाबासकी दिली. ती "हं" म्हणाली आणि माझ्या गोळ्या डबीत भरत राहिली.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्या कॉकस. भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. डोळे पाणावले. माझेच, पण तेवढं पुरे. ऑफिसच्या बाईंना फोनवर सांगितलं, एल्डन क्रीकची काळजी सोडा. त्या म्हणाल्या, कुठलं क्रीक?

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ

काल रात्री लिहिलं नाही. जमेल तसं लिहितो.

कॉकस शाळेच्या जेवणघरात होता. आमच्याकडे मतपेटी नसते. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांदेखत उभं राहायचं. सिनेटर ड्युकेन यांच्या कोपऱ्यात खुर्च्या बाजूला साराव्या लागल्या. लुंडग्रेन नवरा-बायको तिथे. माझे चर्चमधले चौघंही तिथेच. गव्हर्नर हॅवरलँड यांच्या कोपऱ्यात मी, आर्लिस आणि हॅरिएट ब्रेकेबाई. ब्रेकेबाईंना ती कॉफीची रांग वाटली होती.

प्रत्येक कोपऱ्याला एक मिनिट. मी म्हणालो, "माझ्याच घराकडे बघा. गेल्या महिन्यात मी मरणाच्या दारातून आलो. कुणापुढे हात पसरला नाही. सरकारपुढेही नाही. माणसाने आपलं आपण बघावं, हीच गव्हर्नरांची योजना."

अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय? आर्लिसने हात वर केला. मला वाटलं, मला दुजोरा देणार.

ती म्हणाली, "मला तुम्ही ओळखता. तुमच्या मुलांना मी जेवायला वाढते. लोवेलच्या छातीत नळी बसली ती माझ्या नोकरीच्या विम्यावर. गोळ्याही त्याच्यावरच. तो पासष्टचा झाला की त्याला सरकारी विमा मिळेल, तोवर मी सोडू शकत नाही. माझा खुबा गेलाय. सिनेटरबाई बरोबर की गव्हर्नर, ते मला कळत नाही. मला आता बसायचंय."

गॉर्डीने एक खुर्ची उचलून आणली. त्याच्या कोपऱ्यात नेली नाही. ती उभी होती तिथेच, भर मधोमध, ठेवली. ती बसली.

मोजणी झाली. ब्रेकेबाई कॉफी घेऊन ड्युकेन यांच्याकडे गेल्या होत्या. आमच्या कोपऱ्यात मी एकटा. अध्यक्ष म्हणाले, नियमाप्रमाणे एवढ्या कमी माणसांचा कोपरा धरला जात नाही. दुसऱ्या कोपऱ्यात जा, नाहीतर घरी. मी जाहीर केलं की मी तत्त्वासाठी घरी जातो. पण गाडीची किल्ली आर्लिसच्या पर्समध्ये होती. म्हणून तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. आमची दोघांची नोंद "ठरलेलं नाही" अशी झाली.

गाडीत म्हटलं, तू मला आधी सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, सांगितलं होतं.

आत्ता ऑफिसातून फोन आला. गव्हर्नरांनी माघार घेतली. कार्यकर्त्यांचे आभार मानलेत. माझं नाव काय, ते बाईंनी दोनदा विचारलं.

त्याच दिवशी, दुपार

शाळेत जाऊन आलो. स्वयंपाकघरात तिच्या जागी मला घ्या, विमाही माझ्या नावावर करा, म्हटलं. व्यवस्थापिका चांगली बाई आहे. म्हणाली, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. मी म्हटलं, डॉक्टर नुसतं वजन उचलू नको म्हणतात. ती म्हणाली, इथे दुसरं कामच नाही.

जेवणघरात थोडा वेळ बसलो. मुलांची जेवणाची सुट्टी झाली. आर्लिसने दोन्ही हातांनी एक मोठं पातेलं शेगडीवरून उतरवलं, काउंटरला पोट टेकून क्षणभर उभी राहिली, मग वाढायला लागली. माझ्याकडे बघितलं. हसली नाही, रागावलीही नाही.

रांग संपल्यावर जवळ गेलो. विचारलं, फार दुखतंय का.

म्हणाली, "आज मंगळवार आहे, लोवेल. मंगळवारी बटाटे असतात. जड."

बुधवारी काय असतं, ते मला माहीत नाही. संध्याकाळी विचारायचं आहे.