वरच्या हवेतल्या लाटा आणि माझा शांत स्वभाव

१२ जून
आजपासून राग बंद. सीझन सुरू झालाय. सूर्य बुडाला की ऐंशी किलोमीटर वर बर्फाचे ढग चांदीसारखे चमकतात. त्यांच्या पट्ट्यांवरून वरच्या हवेतल्या लाटा कळतात. या कामाला थंड डोकं लागतं. माझं आहेच. सकाळी दाढीवर कप फेकला, तो शेवटचा. दाढी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. माझ्या लाटांना तो लेन्सवरचे ओरखडे म्हणतो. नेम मुद्दामच चुकवला. भिंत नाहीतरी रंगवायचीच होती.

१५ जून, संध्याकाळ
ढग आले! उत्तरेला, खाली, कंगव्याने विंचरल्यासारखे. एका ठिकाणी लाट मोडून तिच्या गुंडाळ्या झालेल्या. हे अजून कुणी टिपलेलं नसणार. तेवढ्यात दाढी कॅमेऱ्यासमोर. नम्रपणे बाजूला हो म्हटलं. हसला. कॉलर धरून बाजूला केला, एवढंच. शर्ट हलक्या कापडाचा निघाला. साहेबांनी त्याला मारामारी म्हटलं. साहेबांना शब्द जपून वापरता येत नाहीत.

१९ जून
गेल्या सीझनच्या लाटांवरचा माझा शोधनिबंध मासिकाकडून परत. परीक्षकाला ओरखड्यांची शंका. भाषा थेट दाढीची. घरी आल्यावर कपाटाचं दार निखळलं. बिजागरी जुनी होती, माझी लाथ निमित्तमात्र. बायकोने दार उचलून भिंतीला टेकवलं. मग म्हणाली, "तुझ्या ढगांची मला भीती नाही वाटत. तुझी वाटते." माहेरी गेली. चार दिवस हवापालट होईल. मलाही कामाला शांतता.

२३ जून
दाढीला समजुतीने सांगायला गेलो. बोलता बोलता माझी मूठ त्याच्या टेबलावर आपटली, मधे त्याचा चष्मा होता. त्याने माझ्या नाकावर ठोसा दिला. किती हिंसक माणूस! रक्त थांबेना. साहेबांनी दोघांनाही शेवटची ताकीद दिली. मला का, ते कळलं नाही.

२७ जून
आज गच्चीवर एकटा. मन स्थिर. ढग उत्तम.

३० जून, इस्पितळ
दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये. बायको आलीय, तीच लिहून घेतेय, म्हणून मोजकं सांगतो.

२७ला दाढी गच्चीवर आला. तोंड उघडणार, त्याआधीच मी कॅमेरा पट्ट्याला धरून गरगर फिरवला. स्वसंरक्षण. तो त्याच्या बरगडीत बसला. त्याने माझा गळा धरला. दोघेही जिन्यावरून गडगडत खाली. कॅमेऱ्याचा चुरा, आतल्या सगळ्या फोटोंसकट. (त्याच्या हातात काहीच नव्हतं, असं बायको मला विचारून लिहितेय.)

दाढी शेजारच्याच खाटेवर. काल संध्याकाळी बायको घरी गेल्यावर तो छताकडे बघत म्हणाला, "तुझं बरोबर होतं. माझ्या फोटोंतही तीच लाट मोडलेली आहे. तेच सांगायला वर आलो होतो."

मग आता आपण दोघांनी मिळून छापू या, असं मी मोठ्या मनाने सुचवलं. त्याने आदल्याच दिवशी, इथूनच मोबाइलवरून, एकट्याच्या नावाने पाठवलंय. माझे फोटो आहेत कुठे, असं त्यानेच मला विचारलं.

उठून त्याचा गळा आवळावा, असं फार वाटलं. खिडकीबाहेर उत्तरेचं आकाश चांदीसारखं उजळलं होतं. या वर्षातले सगळ्यांत सुंदर ढग असावेत, तो श्वास रोखून बघत होता त्यावरून. माझ्या बाजूला खिडकीवर पडदा.

शेवटी त्यालाच म्हटलं, जरा सरकवतोस का?

बरगडी दाबून, कण्हत उठला आणि सरकवला.