वायरलेस कार्डाचे शुद्धलेखन

सोमवार, ३ सप्टेंबर २००७
गोजर सरांच्या मुरबाडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आज मोठी जबाबदारी मिळाली. शनिवारी तपासणीला साहेब येणार. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर त्यांना वायरशिवाय इंटरनेट चालवून दाखवायचे. चालले तर मी कायम. नाही चालले तर काय, ते विचारले नाही. गरजच नाही.
संकल्प : उद्या दुपारपर्यंत काम पूर्ण.

मंगळवार
वायरलेस कार्ड बसवले. दिवा लागत नाही, पण दिवा हा दिखावा असतो. या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि कार्डाच्या सीडीवर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, फक्त विंडोजचा. तो लिनक्सवर चालवून देणारा एक प्रोग्राम मिळाला. मग सीडी उघडली आणि वाईट वाटले. मुख्य फाइलच्या नावाच्या शेवटी 'इन्फ'. 'इन्फो'मधला ओ राहून गेलेला! एवढी मोठी कंपनी आणि तपासणारा कोणी नाही. कॉपी करताना मी ओ लावला.

बुधवार, सकाळ
कॉम्प्युटर म्हणतो, ड्रायव्हर सापडत नाही. समोर ठेवलाय! टायपिंग शिकवणाऱ्या सरिता मॅडम म्हणाल्या, नवसू, तू काय बदललंस का रे? नाही म्हटले. चूक दुरुस्त करणे म्हणजे बदलणे नव्हे.

बुधवार, संध्याकाळ, किन्हवलीला घरी
कायम झालो, असे आईला सांगून टाकले. तेवढीच तिला झोप लागेल. ती म्हणाली, मंग आटगावच्या पावण्यांना कळवते, रविवारी त्यांच्या पोरीशी तुझं जमवून टाकू. इतकी घाई अपेक्षित नव्हती.

गुरुवार
लिनक्स पुन्हा टाकले. तीच तक्रार. शेवटी फाइल उघडून वाचली. आत जागोजागी 'सिस' लिहिलेले, अर्धवट. सगळीकडे 'सिस्टिम' केले. जेवण राहिले. पण आता फाइल वाचायला लाज वाटत नाही.

शुक्रवार
ड्रायव्हर चालत नाहीच. सर म्हणाले, कल्याणचा माणूस बोलावू का? म्हटले, सर, नव्वद टक्के झालंय. ते म्हणाले, आन् रायलेले दहा कधी, साहेब च्या पिऊन गेल्यावर? पोरे हसली. सरिता मॅडमनी मूळ सीडी मागितली. दिली नाही. इतक्या चुकांची वस्तू दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची?
संकल्प : उद्या पहिली जीप.

शनिवार
साहेब आले. कॉम्प्युटर अडलेलाच. सरांनी माझ्या पिशवीतून सीडी ओढून घेतली, मूळ फाइल होती तशी घातली. कार्डाचा दिवा लागला. इंटरनेट सुरू. साहेब खूश.
ते गेल्यावर सरांनी विचारले, तू पाच दिवस काय करत होतास? मी दोन्ही फाइली शेजारी उघडून प्रत्येक दुरुस्ती दाखवली. सरांनी दोन्ही फाइली बंद केल्या. मग हळूच म्हणाले, नवसू, सोमवारपासून येऊ नको.
चुकीच्या स्पेलिंगवर चालणारे यंत्र किती दिवस टिकणार?

रविवार
आटगावचे पाहुणे आले. मुलीचे नाव रविना. तिच्या वडिलांनी विचारले, नोकरी कायम हाय ना? आई म्हणाली, तर! सायबांनी सोता सांगलंय. मी पाहुण्यांना आणखी पोहे वाढले. त्यांना स्थळ पसंत आहे. ते रविनाला घेऊन लवकरच क्लास बघायला येणार आहेत.
उद्या नेहमीच्या जीपने मुरबाडला जायचे. तिथे उतरून काय करायचे, ते उतरल्यावर बघू.