शिमग्यापासूनच्या रेघा

प्रिय आई,

तुला पत्र लिहायचं असं काही मनात नव्हतं. पण आज सकाळी भास्करकाका रंगाची बादली दारात ठेवून गेले. आपले घरमालक, आणि स्वतःहून रंग! भाडं वाढवायचं सोडून ते इतक्या वर्षांत कशासाठी खाली उतरले होते, आठव बरं.

"सुजय, तू या महिन्यात खोली सोडतोयस ना? मग जायच्या आधी त्या भिंतीला दोन हात मार. डोलवीला कंपनीत लागलेलं जोडपं येतंय बघायला. बाळ हाय लहान, जरा बरं दिसू दे."

मी 'व्हय' म्हटलं. खरं सांगतो, म्हटलं. ब्रश भिजवला, भिंतीसमोर उभा राहिलो आणि हात उचलेना. म्हणून हे पत्र.

तुला आठवतं, मी रोह्याच्या कॉलेजात सरांशी भांडलो आणि हजेरीचं रजिस्टर आपटून निघून आलो तो दिवस? तू कारखान्यात गणपतीचे डोळे आखत होतीस. मान वर केली नाहीस, हातही हलला नाही. म्हणालीस, "रजिस्टर आपटून झालं? मग आता तो पांढरा रंग कालव." एवढंच! ना रडणं, ना भाषण. बाकीच्या बाया हसल्या आणि मी दोन वर्षांच्या शिक्षणाचा निकाल त्या रंगाच्या डब्यात ढवळत बसलो.

तुझा पहिला नियम तेव्हाच कळला. मूर्ती आतून सुकल्याशिवाय रंग नाही. तू तिच्या पोटाला हाताची पाठ लावायचीस, गार लागली की पुन्हा फळीवर. "वली हाय अजून. वर रंग लावलास तर आतलं पाणी जाईल कुठं?"

भिंतीलाही तू तशीच हाताची पाठ लावलीस. गेल्या शिमग्याला. तुझ्या कॉटच्या उशाशी, बशीएवढा डाग. मी म्हटलं, कोकणात ओल असतेच. भास्करकाकाही तेच म्हणाले. तू कोणाशी भांडली नाहीस. आखणीचा बारीक ब्रश आणलास, डोळ्यांचा काळा रंग घेतलास, डागाच्या कडेनं रेघ ओढलीस आणि बाजूला लिहिलंस, 'शिमगा'. मग 'पाडवा'. मग 'हनुमान जयंती'. मग 'आखाती', तुझी अक्षय्य तृतीया. एकीबाहेर एक अशा चार रेघा, गणपतीच्या भुवईसारख्या नितळ. मी चेष्टा केली, "आई, पुढच्या वर्षी भिंतीचं विसर्जन करू या." तू म्हणालीस, "हस. पाऊस नाय, थेंब नाय आणि डाग वाढतोय. पाणी वरून येतंय, मालकांच्या बाथरूमचं."

तुला सगळं कळलं होतं, मग तू मला अडवलं का नाहीस?

नेहा घरी येणार होती. पहिल्यांदाच! मी तीन रात्री झोपलो नव्हतो, आणि जी मुलगी उद्या माझं नाव लावील ती काळ्या बुरशीखाली बसून चहा पिणार, ह्या विचारानंच मला घाम फुटत होता. कारखान्यातून उरलेला ऑइल पेंट आणला आणि तू कामावर असताना अख्खी भिंत रंगवून टाकली. पिस्ता कलर. तुझ्या चारही रेघा त्याच्याखाली गेल्या.

तू आलीस, दारातच थांबलीस. "वली मूर्ती रंगवलीस व्हय रे?"

"मूर्ती नाय, भिंत आहे!" मी ओरडलो. ओरडायची काही गरज होती का? पण मी तसाच.

तू पिशवी खुंटीला अडकवलीस आणि चहा ठेवलास. उद्या पोरगी येणार, पोराच्या तोंडावर आनंद आहे, कशाला मोडायचा, एवढंच तुझं गणित! माझ्या हौसेसाठी तू त्या भिंतीशी उशी लावून झोपत राहिलीस. ह्याचा मला राग आहे, आई. तू मला तेव्हा एक ठेवून द्यायला हवी होतीस.

नेहा आली, रंग छान आहे म्हणाली, वासानं सात वेळा शिंकली. तू तिला म्हणालीस, "गो, तुझ्यासाठीच रंगवलंय त्यानं. आता निदान नाक तरी दाबू नको." तुम्ही दोघी किती हसलात!

पावसात रंगाला फोड आले. फोडांमागे बुरशी. श्रावणात कारखान्यात कामाची झुंबड उडाली आणि तुझा खोकला बसेना. मी तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?"

मी काय उत्तर दिलं ते तू ऐकलंस. मी छाती पुढे काढून म्हणालो, "छे! नवीन रंग दिलाय."

तू माझ्याकडे फक्त बघितलंस. नवरात्रात तू गेलीस. मी खरं सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण ते उत्तर मी परत कधी उच्चारलं नाही. नेहालाही सांगितलेलं नाही. ती रोह्याहून फोन करते, विचारते, "तू माझ्याशी धड बोलत का नाहीस?" आणि मी नेटवर्कला शिव्या देतो.

तर आज ब्रश खाली ठेवला आणि पटाशी घेतली. पहिला पोपडा हातभर निघाला. दुसऱ्याखाली काय होतं सांगू? 'पाडवा'. अर्धा पुसलेला, पण तुझाच. मग मी वेड्यासारखा खरवडत सुटलो. चारही रेघा सापडल्या, आई! थोड्या तुटक्या, पण कोणालाही वाचता येतील अशा.

तेवढ्यात भास्करकाका त्या जोडप्याला घेऊन आले. भिंत बघून काकांचा चेहरा पिस्ता कलरचा झाला. "हे काय केलंस रे! अरे, कोकणात राहायचं तर ओल लागणारच."

"काका, शिमग्याला कुठला पाऊस पडतो?"

"तू मला शिकवतोस? उद्याच खोली खाली कर!"

"करतो ना. पण ह्या भिंतीला रंग माझ्या हातून लागणार नाही, आणि तुम्ही लावलात तर मी पुन्हा खरवडीन."

ती बाई बाळाला कडेवर घेऊन पुढे झाली. एकेक अक्षर वाचलं. मग तिनं काय केलं असेल? भिंतीला हाताची पाठ लावली! कोणी शिकवलं गं तिला? म्हणाली, "काका, एवढ्या उन्हात पण वली हाय ही. आधी वरचं पाणी बघा, मग आम्ही येतो." नवऱ्यानं मान डोलावली. काका जिना चढून गेले ते दुपारी प्लंबर घेऊनच उतरले. वरच्या बाथरूमची फरशी फोडली, तर तिच्याखालच्या पाइपाचा सांधा गळत होता. काका माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

संध्याकाळी तुझा ब्रश काढला. केस थोडे झडलेत, टोक अजून शाबूत आहे. आजच्या डागाच्या कडेनं पाचवी रेघ ओढली. माझ्या हाताला सवय नाही, त्यामुळे ती भुवईसारखी नाही, गांडुळासारखी आलीय. तू हसशील.

आता शब्द देतो. खोली सोडली तरी दर सोमवारी येऊन रेघ ओढणार, काकांनी दार लावलं तर खिडकीतून. डाग आत सरकला, भिंत हाताला कोरडी लागली, की मगच तिला रंग. त्याआधी कोणी बादली आणली तर गाठ माझ्याशी आहे. आणि रविवारी रोह्याला जाऊन नेहाला डॉक्टरांना दिलेलं ते उत्तर सांगणार, जसंच्या तसं. मग तिला काय वाटायचं ते वाटो. मी वर काही लावणार नाही.

तुझाच तापट,
सुजय